आर्किटेक्चरची शेवटच्या वर्षाआधीची सुट्टी : घरी बसलेली मुलगी नेमकं काय करते?



मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागलेली. निकालपत्रकांचं राहिलेलं काम उरकायला मी शाळेत गेले होते. दहाच्या सुमारास फाटकातून हाक आली, "बाई, टेपचं दुसरं टोक धरता का जरा?"

बघते तर माझी जुनी विद्यार्थिनी. बारा वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात होती. आता आर्किटेक्चरची चार वर्षं संपवून सुट्टीला काटेवाडीत आलेली. हातात तीस मीटरचा टेप, काखेत जाड पुठ्ठ्याची वही, डोक्याला ओढणी. तिला शाळेचा व्हरांडा मोजायचा होता. मी टोक धरलं. अर्ध्या तासात गल्लीतली सहा-सात पोरंही टेपला लटकली.

त्याच संध्याकाळी तिचे वडील भेटले. ते गवंडी आहेत. आमच्या भागातली बरीच घरं त्यांच्या हातची आहेत. म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा तिला. चार वर्षं झाली शिकतीय. मे महिना म्हणजे बांधकामाचा सीझन. कुठं साईटवर बसली असती तर पुढच्या फीचा हातभार झाला असता. ही नुसती टेप घेऊन गावात फिरतीय. घर तर मीपण बांधतो की."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्याला एक कारण होतं. चौथीत असताना ही मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर घरं काढायची. दार, खिडकी, जिना, वरून दिसणारं छप्पर. मी तिला रागावले होते. "पानं वाया घालवू नकोस" असा शेरासुद्धा लिहिला होता. आणि बारावीनंतर तिचे वडील विचारायला आले तेव्हा मी म्हणाले होते, "एवढी पाच वर्षं कशाला? लवकर हाताला काम लागेल असं काहीतरी बघा." तिनं ऐकलं नाही हे बरंच झालं.

म्हणून या सुट्टीत मी तिच्याकडून आणि थोडं स्वतः वाचून हा विषय समजून घेतला. आपल्याकडे डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक कसं व्हायचं हे सगळ्यांना माहीत असतं. आर्किटेक्ट म्हटलं की "म्हणजे इंजिनिअरच ना?" असं विचारतात. नाही, वेगळं आहे.

पाच वर्षांचा हिशोब

बी.आर्क. हा पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा अभ्यासक्रम आहे. बारावीला गणित विषय हवा. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे. 'नाटा' किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरसाठीचा पेपर द्यावा लागतो. आपल्या राज्यात प्रवेश सीईटी सेलमार्फत होतात. नियमात अधूनमधून बदल होतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच फॉर्म भरावा. आपल्या पंचक्रोशीतल्या मुलांना पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं आर्किटेक्चर कॉलेज आहे.

पाच वर्षांपैकी एक पूर्ण सत्र मुलं एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम शिकतात. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो, त्याला 'थिसिस' म्हणतात. पदवी मिळाल्यावर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करायची. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार नोंदणी असलेल्यालाच नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येतं.

इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांतला फरक तिनं मला एका वाक्यात सांगितला. "बाई, स्लॅब पडणार नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअर बघतो. त्या स्लॅबखाली माणूस नीट राहील का, हे आम्ही बघतो."

ही सुट्टी वेगळी का?

पहिली चार वर्षं कॉलेज विषय देतं. या जागेवर शाळा काढा, तिथं दवाखाना काढा. शेवटच्या वर्षी मात्र विषय स्वतः शोधायचा असतो. जागा कुठली, इमारत कसली, ती कुणासाठी, आणि मुळात तिची गरज आहे का, हे सगळं स्वतः ठरवायचं. कॉलेज उघडलं की दोन-तीन विषय गाईडपुढे मांडायचे, त्यातला एक मंजूर होतो आणि मग वर्षभर त्याच्याशीच झुंजायचं.

म्हणजे मे-जूनच्या या काही आठवड्यांत मुलाला उत्तर शोधायचं नसतं, प्रश्न शोधायचा असतो. घरच्यांना अडचण इथेच येते. अभ्यास करणारं मूल पुस्तक घेऊन बसलेलं दिसतं. प्रश्न शोधणारं मूल पारावर बसलेलं दिसतं, गप्पा मारताना दिसतं, नाहीतर टेप घेऊन हिंडताना दिसतं. ते रिकामटेकडं वाटतं.

तिनं सुरुवातीला ठरवलेला विषय होता एक मोठं म्युझियम. सगळी काच, मधोमध तळं. फोनवर तिनं मला तशा इमारतींचे फोटो दाखवले. दिसायला सुंदर होते. पण "कुणासाठी?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या गाईडनी म्हणे सुट्टीआधी एवढंच सांगितलं होतं, "आधी गावाला जा आणि तीन जागा मोजून आण. विषयाचं मग बघू."

पहिला धडा : कर्ण जुळत नाही

मोजायला तिनं घरापासूनच सुरुवात केली. समोरची खोली, लांबी चार मीटर, रुंदी तीन मीटर. आता खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे पाच-पाच मीटर यायला हवेत. (गवंडी तीन-चार-पाचचा हाच नियम दोरीनं लावतात. पायथागोरसचं नाव त्यांनी ऐकलेलं असो नसो.) तिच्या मापात एक कर्ण आला ५.१२ मीटर आणि दुसरा ४.८८.

तिला वाटलं, टेप ढिला राहिला. परत मोजलं. तेच आकडे. शेवटी वडिलांना विचारलं. ते हसले. "खोली तिरकीच आहे. मी मुद्दाम घेतली. रस्ता तिरका होता, रस्त्याला धरून भिंत घेतली, नाहीतर दारात तिकोनी तुकडा वाया जात होता."

पोरीनं चार वर्षांत शेकड्यांनी नकाशे काढलेत. पण आपलं घर काटकोनात नाही आणि त्यामागे विचार आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. टेपनं फरक दाखवला. कारण मात्र माणसाला विचारावं लागलं. मला वाटतं मोजमापाचा खरा उपयोग हाच. आकडा चुकलाय असं वाटलं की लगेच खोडायचा नाही, आधी विचारायचं.

दुसरा धडा : आजीचं घर गार का?

वडिलांचं घर स्लॅबचं. आजीचं जुनं घर धाब्याचं, मागच्या आळीत. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वर मातीचा थर आणि उजेडासाठी धाब्याला ठेवलेलं भोक, त्याला साणं म्हणतात. जुन्या माणसांनी घर कधी चौरस फुटात मोजलं नाही. 'पाच खणांचं घर' असं म्हणायचे. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण.

तिनं दोन्ही घरांत सारखेच साधे थर्मामीटर टांगले आणि दर दोन तासांनी आकडे लिहिले. दुपारी धाब्याचं घर गार. रात्री जेवणं झाल्यावर स्लॅबचं घर भट्टीसारखं. सगळ्यांना अनुभव आहे, पण कारण किती जणांना सांगता येईल?

जाड माती हळूहळू तापते. बाहेरची उष्णता आतल्या बाजूला पोचायला बरेच तास लागतात. तोवर दिवस मावळतो, बाहेर हवा गार होते. स्लॅब मात्र चार-पाच इंचांचा. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडत राहतो. त्यात आपल्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार खातं ते छप्पर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीतून कधीच ऊन येत नाही असं आपण मुलांना सांगतो, ते आपल्याकडे जूनमध्ये खरं नसतं! हे मलाही नवीन होतं.

धाब्याच्या घराचे दोषही तिनं वहीत लिहिले. दरवर्षी पावसाआधी वर माती टाकायची, नाहीतर गळतं. आतल्या खोलीत उजेड कमी. उंदीर, वाळवी. आजी स्वतःच म्हणाली, "गार हाय पण आता कोण माती वाहणार?" जुनं ते सगळं सोनं असं मानून चालत नाही.

इथं बापलेकीचं पहिल्यांदा जमलं. तिनं वडिलांना लॉरी बेकर यांचं काम दाखवलं. बेकर मूळचे इंग्लंडमधले, जन्म १९१७ चा. भारतात आले आणि पुढे केरळमध्ये कमी खर्चाची घरं बांधत राहिले. त्यांनी आपल्याकडे रुजवलेली एक पद्धत म्हणजे 'रॅट ट्रॅप बाँड'. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहते. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते.

वडिलांनी चित्र बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "चांगलंय. पण आपल्या भट्टीची वीट एकसारखी नसते. उभी लावली की फरक लगेच डोळ्यावर येतो. आधी वीट निवडून घ्यावी लागंल. त्याची मजुरी धरलीस का?"

तिनं धरली नव्हती. ते वहीत लिहून घेतलं. चार वर्षं शिकलेल्या मुलीला वडिलांकडून शिकायचं शिल्लक होतं, आणि आपल्याला जे येतं त्याचा लेकीच्या शिक्षणाशी संबंध आहे हे वडिलांना त्या दिवशी दिसलं.

विषय सापडला कुठे?

शाळेचा व्हरांडा मोजताना आमची पोरं तिला म्हणाली, "ताई, पालखीच्या दिवशी इथं वारकरी झोपतात."

काटेवाडी म्हटलं की बाहेरच्यांना राजकारण आठवतं. आम्हाला आठवते ती तुकोबांची पालखी. बारामतीहून निघून पालखी दुपारी आमच्याकडे येते. परीट समाजाची माणसं धोतराच्या पायघड्या घालतात. मग मेंढ्यांचं रिंगण होतं, धनगर बांधव मेंढ्या घेऊन पालखीभोवती फिरतात. संध्याकाळी पालखी पुढे इंदापूर तालुक्यात सणसरला मुक्कामाला जाते. नंतर बेलवाडीचं घोड्यांचं रिंगण. हा सोहळा १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी सुरू केला असं मानतात.

पोरांच्या त्या एका वाक्यावर तिनं पुढचे आठ दिवस प्रश्न विचारले. त्या दुपारी सावली कुठं असते? म्हाताऱ्या वारकरी बायका बसतात कुठं? पिण्याच्या पाण्याची रांग कुठवर जाते? दिंड्यांचे ट्रक कुठं उभे राहतात? बायकांच्या शौचालयाची सोय कुठं आणि तिथपर्यंत चालावं किती लागतं? मेंढ्या वळायला किती मोकळी जागा लागते? हे तिनं एका मेंढपाळ आजोबांना विचारलं, आणि त्यांनी मैदानात स्वतः पावलं टाकून दाखवलं. रस्ता रुंद झाला, तेव्हा कडेची कुठली झाडं गेली आणि सावली कुठं सरकली?

आणि सगळ्यात अवघड प्रश्न तिनं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला: जी जागा एका दुपारी हजारो माणसांना लागते, ती उरलेले ३६४ दिवस कशी वापरायची?

मोठा हॉल बांधला तर वर्षभर कुलूप. काहीच नाही बांधलं तर ती एक दुपार उन्हात. मधला मार्ग काय? झाडं आणि ओटे? आठवडी बाजार, शाळेचं मैदान, लग्नाचा मांडव आणि पालखी, चारींना चालेल अशी जागा? तिच्याकडे अजून उत्तर नाही. वर्षभर तेच शोधायचंय. पण काचेचं म्युझियम तिनं आपणहून सोडलं.

पैशाचा प्रश्न

वडिलांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. फी, लॉपटॉप, प्रिंट, मॉडेलचं साहित्य, खोलीभाडं, सगळा खर्च आहे. त्यात सुट्टीत बिनपगारी काम करायला बोलावणारी ऑफिसंही असतात.

या संदर्भात बाळकृष्ण दोशींची गोष्ट मुलांना फार सांगितली जाते. दोशी पुण्याचे, जन्म १९२७ चा. घरचा फर्निचरचा व्यवसाय. १९४७ ते १९५० मुंबईच्या जे.जे. मध्ये शिकले आणि तिथून लंडनला गेले. पुढे पॅरिसला ल कॉर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टकडे काम मिळालं, पण पहिले आठ महिने पगार नव्हता. नंतर ते भारतात परतले. १९६२ मध्ये अहमदाबादला आर्किटेक्चरचं शिक्षण देणारी संस्था उभी केली आणि २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

गोष्ट प्रेरणादायी आहे, पण तिचा अर्थ 'फुकट काम करा' असा काढू नये. प्रत्येकाच्या घरी आठ महिने थांबायची ऐपत नसते. मला दोशींचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. इंदूरची अरण्य वसाहत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथं पूर्ण घर न देता जोतं, पाणी, संडास-बाथरूम आणि थोडं बांधकाम असं दिलं. पुढचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. घर कुटुंबाबरोबर वाढतं, ही गोष्ट आपल्या गावातला कुठलाही गवंडी सांगेल. पण ती ऐकून घेऊन तसा आराखडा करायला आर्किटेक्ट लागला. या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

शेवटी घरात तोडगा निघाला तो असा. सकाळी सात ते अकरा ती वडिलांबरोबर साईटवर. विटा मोजणं, मालाचा हिशोब, लेव्हल तपासणं, आणि त्याचा रोज वडिलांनी इतर मजुरांसारखाच हातात द्यायचा. चारनंतर टेप आणि वही. फीचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. पण "नुसती फिरतीय" हे वाक्य घरातून गेलं.

आपण वर्गात काय करू शकतो?

शिक्षक मित्रहो, हे सगळं बघून जूनमध्ये मी माझ्या वर्गासाठी चार उपक्रम ठरवले. तिसरी ते पाचवीला सहज जमतात. खर्च जवळपास नाही.

१. वर्ग मोजू या. आधी अंदाज लिहायचा, मग टेपनं मोजायचं. अंदाज आणि माप यांतला फरक काढायचा. वजाबाकीचा सराव आपोआप होतो.

२. वहीत मावणारा वर्ग. १ मीटरला २ सेंटीमीटर हे प्रमाण घ्या. ६ मीटर बाय ५ मीटरचा वर्ग १२ बाय १० सेंटीमीटरमध्ये बसतो. दारं, खिडक्या, फळा दाखवायला सांगा. नकाशा म्हणजे वरून बघणं, हे मुलांना यातून कळतं.

३. सावलीची काठी. मैदानात एक मीटरची काठी उभी करा. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना सावलीच्या टोकाला दगड ठेवा. मेमधला शून्य सावलीचा दिवस सुट्टीत जातो, पण जुलैअखेरीस तो पुन्हा येतो. ढग नसले तर जरूर बघा.

४. घरातल्या मोठ्यांना तीन प्रश्न. आपलं घर कुणी बांधलं? दार या बाजूला का? सगळ्यात गार जागा कुठली? उत्तरं लिहून आणायची. एका मुलानं "आमची गार जागा म्हणजे माठाशेजारी" असं लिहिलं. आम्ही त्यावरूनच बाष्पीभवन शिकलो.

आणि एक विनंती. वहीच्या मागच्या पानावर कुणी घर काढत असेल तर रागावू नका. "यातला जिना कुठं जातो?" एवढं विचारा.

पालकांसाठी थोडक्यात

- मुलाला चित्रकला 'सुंदर' यायलाच हवी असं नाही. निरीक्षण, गणिताची भीती नसणं आणि चिकाटी महत्त्वाची.
- मुलींना हे क्षेत्र नाही, असं म्हणू नका. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्येच जे.जे. मधून आर्किटेक्चर पूर्ण केलं. त्या भारतातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट मानल्या जातात.
- कॉलेज निवडताना त्याला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का, हे आधी तपासा.
- शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत मूल हिंडत असेल तर "काय करतोस?" असं विचारण्याऐवजी "आज काय मोजलंस?" असं विचारा. सांगायला लागेल.

शाळा सुरू झाल्यावर ती परत जायच्या आदल्या दिवशी वर्गावर येऊन गेली. तिनं आमच्या शाळेचा नकाशा भिंतीवर लावायला दिला. व्हरांड्यात जिथं वारकरी झोपतात तिथं तिनं छोटी छोटी माणसं काढली आहेत. पोरं रोज ती मोजतात.

यंदा पालखी येईल त्या दुपारी ती एक दिवसाची सुट्टी काढून गावात येणार आहे, वही घेऊन. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "बाई, त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला मी गेलो तर चालंल ना?"

मी म्हटलं, "चालेल की दादा. तिला तेच हवंय."